शास्त्रीयवाल्याची फिरकी कशी घ्यायची: कापसाच्या गावातल्या एका रॉकवाल्याचे अनुभव

आधी ओळख. आमचं गाव मूर्तिजापूरहून एसटीनं अर्ध्या तासावर. स्टँडवर एक चहा कॅन्टीन, एक पानठेला, त्याच्या बाजूला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान, अन् मग जिकडं पाहाल तिकडं कापूस, तूर, सोयाबीन. अशा गावात रॉक ऐकणारा मी एकटा, पुण्याहून दिवाळीत येणारा मामेभाऊ धरला तर दीड. पलीकडच्या पार्टीतही एकच माणूस, आमचे गुरुजी, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, दर गुरुवारी भजनात पेटी वाजवतात अन् हात धुतल्याशिवाय पेटीचं झाकण उघडत नाहीत. आमचं भांडण बारा-तेरा वर्षं सुरू आहे, पोळ्याला अजून एकमेकांकडं जेवतो, हरलेल्यानं चहा पाजायचा हा कायदा आहे, अन् कॅन्टीनवाला सांगतो की हिशोब साधारण सारखाच आहे, गुरुजी थोडे पुढं. तर एवढ्या भांडवलावर हा गाईड लिहून रायलो.

कोणाशी, कुठं, कधी

शास्त्रीयवाले दोन प्रकारचे. एक मुरलेले, ज्यांनी आयुष्यभर ऐकलंय. दुसरे ते, ज्यांनी मागच्या वर्षी एक प्रोग्राम पाहिला अन् तेव्हापासून स्टेटसला तंबोरा ठेवतात. या दुसऱ्याच्या नादी लागू नका, त्याला चिडवलं की तो खरंच चिडतो कारण त्याच्याजवळ उत्तर नसतं. मुरलेल्याला चिडवलं की तो आधी अडकित्त्यानं सुपारी कातरतो, मग हसतो, अन् मग असं काहीतरी बोलतो की तुम्हाला घरी जाऊन शोधत बसावं लागतं. असाच माणूस पकडायचा. (आपल्या पार्टीतही हेच आहे म्हणा, छातीवर बँडचं नाव अन् त्या बँडचं एक गाणं माहीत नाही असे पोट्टे अकोल्यात पैशाला पासरी.)

जागा म्हणाल तर कॅन्टीन चालते, पण खरी जागा म्हणजे रोडग्यांची पार्टी. थंडीत वावरात गोवऱ्यांच्या आरात रोडगे टाकले की पुढचा तास-दीड तास कोणाला काही काम नसतं, वांग्याची भाजी रटरटत असते, पोटात भूक असते अन् तोंड मोकळं असतं. ऐकायला चार-पाच जण पाहिजेत, त्याच्यापेक्षा जास्त झाले की भाषण होतं अन् दोघंच असले की भांडण. त्यांच्या जावयासमोर कधीच काही बोलायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अन् माणूस सूर लावत असताना तोंड बंद ठेवायचं. तबलावाला हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत असतो तेव्हा आपल्याला वाटतं अजून सुरू व्हायचंय, टाइमपास करू. त्याच्यासाठी ते सुरू झालेलं असतं.

गृहपाठ केल्याशिवाय चिडवू नका

मी सुरुवातीला काय करायचो तर तेच ते, "गुरुजी, तुमचे बुवा नुसतं आ आ करतात, दाढ दुखते काय त्यायची?" गुरुजींनी हे माझ्या जन्माच्या आधीपासून ऐकलेलं, त्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती. मग एकदा त्यांनीच सांगितलं की लेका, शिव्या द्यायच्या तर नीट दे, आधी पाहून तर घे काय चालू आहे ते. मग शिकलो थोडं. म्हणजे गायला नाही, फक्त मोजायला.

विलंबित, म्हणजे सावकाश लयीतल्या, एकतालात बारा मात्रा असतात अन् काही गाणारे त्या एवढ्या सावकाश घेतात की तालाची एक फेरी, म्हणजे आवर्तन, संपायला पाऊण मिनिट लागतं. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा फिरून फिरून बरोबर तिथंच येऊन उतरतो अन् समोर बसलेली सगळी मंडळी एकदम मान हलवतात. हे कळलं त्या दिवशी मी पहिला खरा टोमणा मारला. म्हटलं, "गुरुजी, तुमच्या बुवानं ख्याल उचलला तवा मी वावरातली मोटर चालू केली, सम येईस्तोवर दोन सऱ्या भिजल्या." गुरुजी पोट धरून हसले, कारण या वेळी माप बरोबर होतं. आणि हसून झाल्यावर म्हणाले, "भिजल्या ना? तुह्या गाण्यात मोटर चालूच होत नाई बे, नुसता फ्यूज उडते." चहा मलाच पाजावा लागला.

तर शास्त्रीयवाल्याला चिडवायला एवढं पुरतं: सम काय, ख्याल विलंबितातून द्रुतात, म्हणजे जलद लयीत, कसा जातो, तंबोरा कशाला लागतो, अन् घराणं म्हणजे गाण्याची वळणं, आडनाव नव्हे. आणि तुम्ही शास्त्रीयवाले असाल अन् रॉकवाल्याला चिडवायचं असेल तर रिफ म्हणजे काय हे माहीत पाहिजे (गिटारवर फिरून फिरून येणारा तो छोटा तुकडा, ज्याच्यावर गाणं उभं असतं), पॉवर कॉर्ड माहीत पाहिजे, अन् डिस्टॉर्शन म्हणजे स्पीकर फाटला नाही, ते मुद्दाम करतात, हे माहीत पाहिजे. गुरुजींना हे शेवटचं पटायला चार वर्षं लागली.

पटलं कसं ते सांगतो, कारण हा डाव तुम्हाला कामी येईल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवतात, त्यानं तार घोडीला अगदी हलकी घासते अन् तो भणभणणारा, भरलेला आवाज निघतो, त्यालाच जवारी म्हणतात. दोरा काढला तर तार नुसती टण् वाजते, जीव नसतो. म्हटलं गुरुजी, हे तुमचं डिस्टॉर्शनच तर आहे, एका दोऱ्याचं, आमचं विजेवर चालतं एवढाच फरक. वर तंबोरा मिळवतात प सा सा सा, म्हणजे षड्ज-पंचम, अन् आमच्या पॉवर कॉर्डमध्ये असतं काय? सा अन् प. गंधार गायब. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा अन् आमचा अँप्लिफायर, दोघं एकच गोष्ट बोलून रायले. गुरुजी बराच वेळ गप. मग म्हणाले, "तंबोरा मांग राह्यते, पुढं येऊन बोंबलत नाई." बरोबरीत सुटलं.

हुकमाचा पत्ता: पेटीच्या काळ्या पट्ट्या

हे मात्र नीट वाचा, कारण याच्यासाठी ना गिटार लागते ना स्पीकर, भजनातली पेटी पुरते, अन् समोरचा कितीही मुरलेला असू द्या, दोन मिनिटं तरी गप्प बसतो.

पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला बोट लावायचं नाही. एका सप्तकात काळ्या पाच, दोनच्या जोडीपासून डावीकडून मोजायच्या, काळी एक ते काळी पाच. आता काळी तीन हा सा धरा अन् वर चढत जा. निघतो भूप राग. भूप तर शाळेतल्या पोरालाही ओळखता येतो. आता पट्ट्या त्याच, फक्त सा काळी पाचला सरकवा, म्हणजे थांबायचं घर बदला. निघतो मालकंस. काळी एक सा धरला तर दुर्गा. इथपर्यंत गुरुजींना माहीतच होतं, ते म्हणाले मूर्च्छना आहे लेका, सूर तेच अन् सा बदलला, मले काय शिकवतं. म्हटलं थांबा. आता काळी दोन सा धरा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी.

"धानी," गुरुजी म्हणाले.

"आमच्यात याले मायनर पेंटाटॉनिक म्हणतात," मी म्हटलं, "अन् रॉकमधले ढिगानं सोलो याच पाच सुरांवर हायेत."

गुरुजींनी पुन्हा वाजवून पाहिलं. मग सावकाश मान वर केली अन् म्हणाले, "म्हंजे तुमी पन्नास वर्षं झाली एक धानीच गाऊन रायले?" घ्या. आपलाच हुकूम आपल्यावर. पण हा डाव मी तरीही सोडत नाही, कारण त्याच्या पुढचा तुकडा माझ्याकडं असतो. त्याच काळी दोनच्या सा वरून एका इंग्लिश बँडची, डीप पर्पलची, १९७२ च्या अल्बममधली गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोरानं पहिल्यांदा वाजवलेली रिफ: सा, कोमल ग, म. पुन्हा सा, कोमल ग, अन् आता मध्येच पांढरी सहा (काळी चार अन् पाचच्या मधली) चोरासारखी घुसते, तीव्र मध्यम, अन् लगेच शुद्ध मध्यमावर उतरते. गुरुजींनी ते तीनदा वाजवलं. भिवई वर. "दोन्ही मध्यम असे लागूनलागून? हे ललतात लागते. पण ललतात गंधार शुद्ध. हे कोणाचं पोट्टं हाये?"

तर हे पोट्टं ब्लूजचं. तो मधला सूर म्हणजे ज्याला ब्लू नोट म्हणतात त्यातला एक, अन् ब्लूज आलं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांकडून, मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यात आधी गुलाम म्हणून अन् नंतर दुसऱ्याची वावरं बटईनं करून कापूस वेचणाऱ्यांकडून. रॉकचं मोठं मूळ तेच. मी हे फुशारकीनं सांगत होतो. गुरुजींनी भाता दाबायचा थांबवला. शाळेत इतिहास शिकवायचे ते, म्हणाले, तिकडं यादवी झाली १८६१ ते १८६५, त्यायचा कापूस बंद पडला तवा इंग्रजाले आपला वऱ्हाड आठवला, इथं कापसाले सोन्याचा भाव आला होता. मग थोडं थांबून विचारलं, "त्या वेचणाऱ्याह्यले भाव काय भेटे बे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवशी कोणी हरलं नाही, चहा कॅन्टीनवाल्यानं पाजला.

मात्रा मोजायला लावा

शास्त्रीयवाल्याचा लाडका टोमणा म्हणजे "तुमचं सगळं एक-दोन-तीन-चार, बँडबाजाच्या वरातीवानी." याला तोंडानं उत्तर देऊ नका. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं १९७३ चं 'मनी' हे गाणं लावा, ज्याच्या सुरुवातीला गल्ल्याचा अन् चिल्लरचा आवाज येतो, अन् म्हणा, मोजा. मांडीवर हात पाहिजे, तोंडानं नाही. मी गुरुजींना कॅन्टीनमध्येच मोजायला लावलं. दुसऱ्या फेरीत त्यांच्या बोटांना कळलं, "सात! रूपक!" अन् लगेच ती ती ना, धी ना, धी ना लावून बसवायला लागले, टेबलावरचे ग्लास हालत होते. मी खुश, वाटलं जिंकलो. तेवढ्यात गाण्यात गिटारचा सोलो सुरू झाला, अन् तिथं ते गाणं सात सोडून सरळ चारात येतं. गुरुजींचा हात हवेतच राहिला.

"हे काय? दमले?"

पाच-सहा जण हसले, पानठेलेवाला तर उठून आला. म्हणून सांगतो, हे गाणं लावायचं असेल तर सोलोच्या आधी बंद करा. मी हे शिकायला एक चहा घातला आहे, तुम्ही घालू नका.

आता गुरुजींच्या बाजूनं, म्हणजे रॉकवाल्याला कसं चिडवायचं

इमानदारीनं सांगायचं तर त्यांच्याकडं माल जास्त आहे. पहिला: "तुहा गिटारवाला रेकॉर्डीत वाजवलं तेच स्टेजवर वाजवते, नाई वाजवलं तर तुमी पोट्टे ओरडता. आमचा बुवा काल काय गायला ते आज त्यालेच आठवत नाई." हे सगळ्या बँडांबद्दल खरं नाही, पण जिव्हारी लागतं.

दुसरं हत्यार म्हणजे न्यूयॉर्कचा किस्सा. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्स बँडवाला जॉर्ज हॅरिसन अन् सतारवाले पंडित रविशंकर यांनी लावलेला कार्यक्रम. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ अन् तबल्यावर अल्लारखाँ बसले, सूर जुळवले, अन् जुळवून थांबले तर पब्लिकनं कडाडून टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले की सूर लावणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा करतो. गुरुजी हा किस्सा महिन्यातून एकदा तरी सांगतात, दर वेळी टाळ्या थोड्या वाढतात. याच्यावर माझं ठरलेलं उत्तर: "निदान टाळ्या तरी वाजवल्या गुरुजी, आपल्या इकडं सूर लावताना लोक लघवीले जातात." हे चालतं, कारण खरं आहे.

तिसऱ्यावर मात्र मी हरतोच. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरीला मोठा फेस्टिव्हल झाला, तिथं रविशंकरही वाजवायला होते अन् जिमी हेंड्रिक्सही, अन् हेंड्रिक्सनं स्टेजवर स्वतःची गिटार जाळली. रविशंकरांना ते बिलकुल पटलं नाही, वाद्याला कोणी असं करतं का. गुरुजी एवढंच विचारतात, "दसऱ्याले काय करतं मंग तू? पूजा का होळी?" आता आमच्या घरी वखराला चुकून पाय लागला तर माय अजून वाकून नमस्कार करायला लावते, मी काय बोलणार. तुम्हीही इथं जास्त वकिली करू नका, हेंड्रिक्स कितीही आवडत असला तरी मुकाट्यानं चहा सांगा.

अन् चौथा, जो फक्त आमच्याच भागात चालतो: "वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. १९२० चा जन्म. तुह्या बँडातला एक तरी मूर्तिजापूरचा हाये का?"

याला उतारा नाही. मी शोधला आहे. फार तर विषय पेटीवर न्यायचा. पेटी फ्रान्सहून आली, साहेबाच्या चर्चमध्ये वाजायची, १९४० मध्ये रेडिओनं तिच्यावर बंदी घातली की हिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) निघत नाहीत, अन् ती बंदी ढिली व्हायला १९७१ उजाडलं. आमची गिटार तार ओढून मींड तरी काढते गुरुजी, तुमच्या पेटीले दोन सुरांच्या मधात जाताच येत नाही, मग परदेशी कोण अन् बेसूर कोण? हे बोललं की गुरुजी दहा मिनिटं पेटीची बाजू मांडत बसतात अन् मूर्तिजापूर विसरतात. तेवढंच आपलं समाधान.

जिथं हात लावायचा नाही

मी एकदा लावलाय, म्हणून सांगतो. सप्ताहात, मंडपात, पाचपन्नास लोकांसमोर. गुरुजींच्या गुरूंची एक जुनी कॅसेट होती, त्यांनी ती कौतुकानं लावली होती, अन् मी माईकजवळच उभा राहून म्हटलं, "बॅटरी उतरली काय?" लोक हसले. गुरुजींनी कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली अन् घरी गेले. भजनाला त्या दिवशी पेटी नव्हती.

तीन आठवडे बोलले नाहीत. दुकानासमोरून जायचे तर रस्त्याच्या पलीकडून. शेवटी मी संत्र्यांची थैली घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पाट दिला, चहा दिला, गुरुजी आले, काही न बोलता तीच कॅसेट लावली अन् समोर बसले. पूर्ण बाजू ऐकली, पंचेचाळीस मिनिटं, मी मोबाईल काढला नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कोणता सूर लागत नवता सांग."

म्हटलं, "वरचा सा."

"हाव. घशाचा आजार होता त्याह्यले. तरी दर खेपेस तिथं जाऊन आले का नाई?"

आले होते. आठ-नऊ वेळा तरी. आता सांगा याच्यावर काय चिडवणार. मग त्यांनीच एक संत्र सोललं अन् अर्धं मला दिलं.

तर त्या दिवसापासून आमच्यात ठरलंय, ज्यानं शिकवलं त्याच्यावर बोलायचं नाही, अन् मेलेल्याच्या व्यसनावर बोलायचं नाही. गुरुजी आधी "तुमचे ते गांजाडे" असं फार म्हणायचे, तेही बंद झालं. तिसरी गोष्ट आम्हाला ठरवावी लागली नाही पण तुमच्या ग्रुपात ठरवून घ्या: कोण उस्ताद अन् कोण पंडित, कोण कोणत्या धर्माचा अन् जातीचा, हे भांडणात येऊ द्यायचं नाही. आलं की ते गाण्याचं भांडण राहत नाही, तिथून उठून जायचं, चहाचे पैसे आपण दिले तरी चालतील.

ऐकवायचं काय

नुसते टोमणे एक-दोन वर्षांत संपतात. म्हणून आम्ही एक-एक चालू केलं. आठवड्याला एक तुमचं, एक आमचं, पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, शिव्या शेवटी.

रॉकवाल्याला पहिल्याच दिवशी विलंबित ख्याल देऊ नका, तो पळून जाईल. सतार-तबल्याचा सवाल-जवाब द्या, नाहीतर तराणा द्या, द्रुत तीनताल, सोळा मात्रा, बोट सहज बसतं. मला स्वतःला तराण्यानंच पकडलं, शब्दांना अर्थ नाही अन् स्पीड असा की मेटलवालाही (मेटल म्हणजे रॉकचाच कडक प्रकार) म्हणेल सावकाश घे भाऊ. झाकीर हुसेन अन् जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा शक्ती हा बँड तर दोन्ही पार्ट्यांचा समाईक बांध आहे, १९७० च्या दशकातला, तिथं दोघांनाही बसता येतं. उलट्या बाजूनं, शास्त्रीयवाल्याला पहिल्या दिवशी डेथ मेटल लावाल तर तो पुन्हा तुमच्या दुकानात रिचार्जलाही येणार नाही. इंडियन ओशन या आपल्या देशी बँडपासून सुरू करा. गुरुजींना ते आवडलं, म्हणजे ते म्हणाले "बरं हाये," अन् "बरं हाये" म्हणजे त्यांच्याकडं डिस्टिंक्शन असतं. अन् ढोल-ताशाचा, आदळआपटीचा त्यांना तिटकारा आहे असं जर ते म्हणायला लागले तर मी फक्त राष्ट्रसंतांची खंजिरी आठवून देतो. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन उभे राहिले की अख्खं गाव डोलायचं, ते काय विलंबितात होतं का? यावर गुरुजी हात जोडतात अन् विषय संपतो, अन् मीही तिथंच थांबतो, कारण माझेही हात जोडलेलेच असतात.

वेळेचं भान ठेवा. शास्त्रीयवाल्याला रागाची वेळ फार महत्त्वाची. मला हे थोतांड वाटायचं. मग मागच्या हिवाळ्यात जागलीला होतो, लाइन रात्री बारानंतर यायची म्हणून मोटरीसाठी जागणं अन् रानडुकरं, रोही येतात म्हणून जागणं, दोन्ही एकातच. दर वेळी मी मेटल लावायचो, डुकरं पळतात असा माझा अनुभव (गुरुजींचं म्हणणं, डुकराले बी कान असतात). त्या रात्री गुरुजींनी दिलेला मालकंस लावला, एक-दीड वाजला असेल, हरभऱ्यावर दव पडलेलं, पाटात पाणी वाहत होतं, अन् कोमल धैवत असा लांबून आला की मी मचाणावर उठून बसलो. पुढचा अर्धा तास काय झालं मला सांगता येणार नाही.

डुकरांनी त्या रात्री दोन तास हरभरा खाल्ला. हे गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "त्यायलेबी आवडला असन." चहा माझ्याकडं.

(स्पीकर मोठा असेल तर रात्री दहानंतर गावात वाजवू नका, कायदाच आहे. वावरात डुकरं तक्रार करत नाहीत.)

आता शेवटचं, अन् हे सगळ्यात अवघड. समोरच्यानं तुमचं काहीतरी उचललं अन् तुमच्यावरच टाकलं तर चेहरा कसा ठेवायचा. मागच्या गुरुवारी भजनात गजर चालू होता, एक अभंग संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी गुरुजी पेटीवर सूर भरत होते, नेहमीसारखे, डोळे अर्धे मिटलेले. काळी दोन. सा, कोमल ग, म. मला वाटलं चुकून. पुन्हा सा, कोमल ग, अन् पांढरी सहा चोरासारखी येऊन मध्यमावर उतरली. मंडळात कोणालाच काही कळलं नाही, मृदंगवाल्यानं तर खुशाल ठेका धरला. गुरुजींनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं अन् सरळ अभंगाच्या सुरावर गेले.

माझ्या हातात टाळ होते. दोन ठोके चुकले. सगळं मंडळ वळून माझ्याकडं पाहायला लागलं अन् गुरुजी पेटी न थांबवता म्हणाले, "मोजत जा बे, मोजत जा."